खर्जाचं खोकं

मस्कतला गणपती बसतात ते घराच्या चार भिंतींत. मिरवणूक असते ती दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरातल्या पिंपापर्यंत. त्यामुळे गेल्या वर्षी अल खुवैरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आरती आटोपल्यावर मी टीव्हीवर पुण्याच्या एका पथकाचं वादन लावलं. टीव्ही पासष्ट इंची, चित्र असं की वादकाच्या कपाळावरचा घाम पुसावासा वाटावा. आणि आवाज? तडतड तडतड तडतड. नुसता ताशा. मागे पन्नास माणसं कमरेला ढोल बांधून, अंग झोकून टिपरू मारत होती, पण त्यातला एकही ढोल ऐकू येत नव्हता. आमच्या सात वर्षांच्या चिरंजीवांनी थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाबा, ते मागचे काका व्यायाम करतायत का?"

हा प्रश्न मला लागला. पुण्याच्या ढोलाला व्यायाम म्हणणारं मूल माझ्या घरात निपजावं! चूक मुलाची नव्हती, टीव्हीची होती. जाडी चार बोटं आणि पोटात लिमलेटच्या गोळीएवढे स्पीकर. ढोलासारखा खालचा आवाज काढायचा तर पुष्कळ हवा ढकलावी लागते, आणि हवा ढकलायला छाती लागते. आमच्या टीव्हीला चेहरा तेवढा होता.

दुसऱ्याच शुक्रवारी मी रुवीला गेलो. पूर्वी इथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असे, २०१३पासून ती शुक्रवार-शनिवारची झाली. म्हणजे चुकीची खरेदी करायला एक दिवस आणि ती बदलून आणायला दुसरा. दुकानातल्या सेल्समनला मी माझी ढोलाची व्यथा सांगितली. त्याने शांतपणे माझा तळहात माझ्याच छातीवर ठेवला, एक बटण दाबलं आणि म्हणाला, "सर, कान से नहीं, इधर से सुनो." कुठल्याशा सिनेमातली इमारत कोसळली आणि माझ्या बरगड्या सदऱ्याच्या आत हलल्या. पंचाण्णव रियाल. आखातातला मराठी माणूस कितीही वर्षं इथे राहिला तरी किंमत ऐकली की त्याच्या डोक्यात पहिल्यांदा गुणाकारच होतो. रियालाला दोनशेच्या पुढे रुपये. मी गुणाकार केला, दचकलो, आणि सबवूफर घेतला. बारा इंची, एकोणीस किलो, काळा कुळकुळीत.

इथे थोडं विषयांतर. आखात आणि आवाजाचं खोकं यांचं नातं जुनं आहे. रत्नागिरीकडचा माणूस इकडून सुट्टीवर निघाला की खांद्याला दोन स्पीकरांचा टेपरेकॉर्डर लटकलेला असायचाच. मुंबईच्या कस्टमपासून वाडीतल्या वडाच्या पारापर्यंत सगळ्यांनी तो हाताळून पाहायचा. त्या मंडळींनी आयुष्यभर इथून डबे तिकडे नेले आणि तिथे वाजवले. इथला डबा इथेच वाजवून शेजाऱ्यांचे बोल खाणारी आमची पहिली पिढी असावी.

घरी आणल्यावर पहिला वाद आकड्यावरून झाला. खोक्यावर लिहिलं होतं ५.१. बायकोने विचारलं, "हे पाच कोण?" मी सांगितलं, स्पीकर, समोर तीन, मागे दोन. "आणि पॉइंट एक?" मी त्या एकोणीस किलोच्या धेंडाकडे बोट दाखवलं. तिला ते पटेना. तळहातावर मावतील अशा बोळक्यांना एकेक पूर्ण अंक आणि या राक्षसाला दशांश! खरं तर त्यात अन्याय नाही. सिनेमाच्या ध्वनिपट्टीत खर्जातल्या दणक्यांसाठी जो वेगळा पाट काढलेला असतो, त्यातून फक्त १२० हर्ट्झपर्यंतचे आवाज वाहतात. माणसाचा कान वीस हजारांपर्यंत ऐकतो, त्या मानाने हा चिमूटभर तुकडा, म्हणून पॉइंट एक. पण घरातली जागा, किंमत आणि भांडणं यांच्या हिशेबात त्याला पाच आणि बाकीच्यांना मिळून पॉइंट एक द्यायला हरकत नाही.

दुसरा वाद जागेवरून. पुस्तिकेत लिहिलं होतं की ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते माणसाच्या कानाला ओळखता येत नाही, म्हणून सबवूफर खोलीत कुठेही ठेवता येतो. मी हे वाक्य मोठ्यांदा वाचायला नको होतं. "कुठेही ना? मग बाल्कनीत ठेव," असं उत्तर आलं. जूनमध्ये मस्कतच्या बाल्कनीत वाळत घातलेला टॉवेल दहा मिनिटांत पापड होतो. २०१८ साली इथून जवळच्या कुरय्यात गावात अख्ख्या दिवसात पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नव्हता, मध्यरात्रीसुद्धा. एवढी आकडेवारी ऐकवल्यावर खोकं हॉलच्या कोपऱ्यात ठेवायची परवानगी मिळाली, एका अटीवर. त्याचं टेबल होणार. लगेच त्यावर विणलेला रुमाल आला आणि रुमालावर मजमर. मजमर म्हणजे लोबान जाळायचं मातीचं ओमानी धुपाटणं. सलालाचा लोबान जगात नावाजलेला, आणि आमच्याकडे तो रोज संध्याकाळी जळतो.

त्या रात्री डायनोसॉर लावला. १९९३च्या त्या सिनेमात पेल्यातलं पाणी थरथरतं, ते स्पेशल इफेक्ट्सवाल्यांनी गिटारची तार छेडून थरथरवलं होतं म्हणतात. आमच्याकडे तारेची गरज पडली नाही. पहिल्या पावलाला मजमर जागचं हललं. दुसऱ्या पावलाला ते निखाऱ्यासकट दोन बोटं पुढे सरकलं. तिसऱ्या पावलाला बायकोने डायनोसॉरच्या दुप्पट वेगाने झेप घेतली.

एवढं होऊनही मला सोफ्यावर काहीही ऐकू येत नव्हतं. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यातली मोहरी उडत होती, खिडकीची काच कुरकुरत होती, मुलगा मागच्या भिंतीला टेकून "बाबा, पोटात गुदगुल्या होतायत!" म्हणत होता, आणि पंचाण्णव रियाल मोजणारा मी, हॉलच्या मधोमध, राजासारखा बसून, बहिरा. मी आवाज वाढवला. मोहरी आणखी उडाली. माझ्याकडे शांतता.

मग मी अभ्यास केला. ४० हर्ट्झचा आवाज म्हणजे साधारण साडेआठ मीटर लांबीची एक लाट. आमचा हॉल पाच मीटरचा. म्हणजे पूर्ण लाट त्यात मावतच नाही. ती या भिंतीवर आपटून त्या भिंतीवर जाते आणि स्वतःच्याच अंगावर पडते. पाच मीटरच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपास अशी एक लाट अडकून बसते. तिचा जोर दोन्ही भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि बरोबर मध्यावर शून्य. आणि मध्यावर कोण? मी. थोडक्यात, खर्ज खोक्यात नसतोच, तो खोलीत असतो. खोकं नुसतं चिथावणी देतं. ही गोष्ट रुवीच्या दुकानात कुणी सांगत नाही, कारण खोली विकायला त्यांच्याकडे नसते.

सोफा भिंतीला लावला असता तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण सोफा जिथे आहे तिथे एसीचा झोत नेमका पडतो, आणि मस्कतमध्ये एसीच्या झोतापुढे ध्वनिशास्त्राचं काही चालत नाही. तेव्हा एकच उपाय उरला. तो मी गंमत म्हणून सांगत नाही, जाणकार लोक खरोखर असंच करतात. सबवूफर उचलून आपल्या बसायच्या जागी, सोफ्यावर ठेवायचा. खर्जातला एखादा तुकडा सतत वाजत ठेवायचा. मग आपण खाली उतरून, कान सबवूफरच्या उंचीवर आणून, भिंतीभिंतीने रांगत हिंडायचं. जिथे आवाज भरीव आणि स्वच्छ लागेल, तिथे सबवूफर आणायचा. लाटेला जाण्या-येण्याचा रस्ता एकच असतो, म्हणून हे साधतं.

तर असा मी, शनिवारी सकाळी, बर्मुडा आणि बनियनवर, सोफ्यावर एकोणीस किलोचं काळं खोकं लोडाला टेकून बसलेलं, आणि मी त्याच्याभोवती चार पायांवर प्रदक्षिणा घालतोय. मध्येच थांबून कान जमिनीला लावतोय. नेमका तेव्हाच बायकोचा सांगलीला व्हिडिओ कॉल चालू होता. फोन फिरवता फिरवता मी चौकटीत आलो असणार, कारण सासूबाईंचा आवाज आला, "अगं, जावई रांगतायत का?" पाठोपाठ अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा, खर्जातला प्रश्न, "आणि सोफ्यावर कोण बसलंय?"

रांगण्याचं फळ मिळालं. उत्तम जागा सापडली ती डाव्या भिंतीच्या अलीकडच्या तिसऱ्या भागात, म्हणजे बरोबर बूट ठेवायच्या स्टँडच्या जागी. स्टँड हलला. पुढे वाचताना कळलं की हर्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली याच विषयावर निबंध वाचला होता, नावच 'किती सबवूफर पुरेत?' अशा अर्थाचं. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तर खोलीभर आवाज बराच सारखा पसरतो, चार चांगले, चाराच्या पुढे जाण्यात राम नाही. मी हा निष्कर्ष बायकोला वाचून दाखवला. तिने तोंडातून शब्द न काढता उरलेल्या बुटांकडे पाहिलं. वेल्टीसाहेब चारावर थांबले, आमचं संशोधन एकावर थांबलं.

इतके दिवस मी माझ्याच कानांचा विचार करत होतो. शेजाऱ्यांना कान असतात हे नंतर समजलं. मस्कतमध्ये दारं-खिडक्या वर्षातले आठ महिने एसीसाठी बंद, त्यामुळे ताशा घरातच राहतो. ढोल राहत नाही. उंच आवाज पडद्यात, गालिच्यात, उशीत अडकतो; खालचा आवाज स्लॅबमधून आरपार जातो. खालच्या मजल्यावरच्या चेची, म्हणजे मल्याळीत ताई, इस्पितळात नर्स आहेत, रात्रपाळीच्या. त्या एका संध्याकाळी वर आल्या आणि अतिशय मृदू स्वरात म्हणाल्या, "भैया, आप का वॉशिंग मशीन खराब है. दो घंटे से ड्रायर में अटका है." मी टीव्हीवर युद्धपट पाहत होतो. त्यांच्यापर्यंत संवाद, संगीत, नायिकेचं रडणं यातलं काहीच पोचलं नव्हतं. पोचली होती ती फक्त तोफखान्याची धुलाई.

वरच्या मजल्यावर एक वयस्क ओमानी काका राहतात. ते एका रात्री डिशडाशा सावरत, डोक्याला काही न बांधता, घाईघाईने खाली आले. "जलजला?" त्यांनी विचारलं. इथल्या कितीतरी लोकांना झकास हिंदी येतं. मी शरमेने खोक्याकडे बोट दाखवलं. वास्तविक हा प्रकार भूकंपापासूनच सुरू झालेला आहे. १९७४ साली हॉलिवूडने 'अर्थक्वेक' नावाचा सिनेमा काढला, तेव्हा प्रेक्षकांना भूकंप अंगावर जाणवावा म्हणून थिएटरांत भलेथोरले खर्जाचे डबे बसवले होते. पण रात्री साडेदहाला दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्याला सिनेमाचा इतिहास सांगायचा नसतो. काकांनी खोकं निरखलं, वरच्या मजमरावर त्यांची नजर जरा थबकली, आणि म्हणाले, "इतना छोटा? कल आओ, कहवा पीने."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मजलिसमध्ये खजूर, हलवा आणि वेलदोड्याचा कहवा. तक्रारीचा एक शब्द नाही. ओमानी माणूस रागावला तर तुम्हाला खाऊ घालतो, आणि प्रत्येक घासाला आपला आवाज आपल्यालाच ऐकू यायला लागतो. तिसरा पेला झाल्यावर त्यांनी सहज सांगितलं, की त्यांचं मूळ गाव शर्कियात, अश्खराहच्या बाजूला. "हमारे उधर रेत बजती है. तुम्हारे डब्बे जैसी." मला वाटलं हिंदीत गडबड झाली.

गडबड नव्हती. अश्खराहच्या वाळूचा पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे आणि २०१२ साली त्यावर निबंधही छापला आहे. टेकडीच्या उतारावरून कोरडी वाळू घसरायला लागली की कण एकाच ठेक्यात एकमेकांवरून उड्या मारतात आणि सगळी टेकडी घुमते. मोरोक्कोमधली टेकडी १०५ हर्ट्झचा एकच सूर धरते. ओमानची वाळू ९० ते १५० असा एकदम भरडलेला आवाज काढते, कारण तिचे कण लहान-मोठे, १५०पासून ३१० मायक्रॉनपर्यंत. शास्त्रज्ञांनी ती चाळली, २०० ते २५० मायक्रॉनचेच कण ठेवले, तर ९०च्या आसपास स्वच्छ सूर लागला. चाळणीने सूर जुळवायचा! आमच्याकडे तबल्याला हातोडी, इथे वाळूला पिठाची चाळण.

डिसेंबरात अण्णा आले. सांगलीत चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, चाळीस वर्षं भजनाला पेटीची साथ केली. घरात शिरले, बसले, आणि पाणी तोंडाला लावायच्या आधी म्हणाले, "तानपुरा कुणी लावून ठेवलाय?" खोकं चालू राहिलं होतं आणि अगदी हलकं गुणगुणत होतं. "पांढरी पाच," अण्णा म्हणाले. "फार खाली, आणि किंचित चढी." मी पडताळून पाहिलं. विजेची गुणगुण ५० हर्ट्झची, आणि खालच्या सप्तकातली पांढरी पाच ४९ची. डिशची वायर आणि खोकं दोन वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंगला पोचत होते, त्यातून तो हम्म येत होता. वायर उपटली, तानपुरा थांबला. जे मला तीन महिने ऐकू आलं नव्हतं!

पण लगेच दुसरं संकट. रिसीव्हर चालू झाला आणि त्याच्या काचेवर निळी अक्षरं उजळली. अण्णांनी चष्मा लावून वाचली. "डॉल्बी?" चेहरा असा, की बॅग उघडली नव्हती ते बरंच झालं. सांगली-कोल्हापूरकडे डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरांची भिंत, जिच्यापुढून वरात किंवा मिरवणूक जाते आणि जिच्या मागून हृदयविकाराचे झटके येतात. अण्णांनी तिच्याविरुद्ध अर्ज केलेत. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम त्यांना पसायदानासारखे पाठ आहेत: रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, दहा ते सहा. मी त्यांना सांगितलं, अण्णा, डॉल्बी हा माणूस होता. रे डॉल्बी. १९६३ ते ६५ युनेस्कोचा सल्लागार म्हणून तो आपल्याच देशात होता, आणि तिथून जाऊन १९६५ साली लंडनला त्याने कंपनी काढली. तिचा पहिला शोध कोणता? टेपमधली खरखर कमी करण्याचा. जन्मभर गोंगाट कमी करण्याच्या मागे लागलेल्या माणसाचं नाव आपण गोंगाटाला दिलं. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बिचारा."

बायकोने सुचवलं होतं की अण्णांना खराखुरा खर्ज ऐकवायचा तर इथल्या ऑपेरा हाउसात नेऊ, तिथे ४,५४२ नळ्यांचा ऑर्गन आहे. पण मी सांगितल्यापासून अण्णांच्या डोक्यात काकांच्या गावची घुमणारी वाळू बसली होती. मग एका शुक्रवारी वरचे काका, अण्णा, आम्ही तिघं असे गाडीने निघालो. चार तास. मध्ये चहा, मध्ये उंट. टेकडीवर चढलो तेव्हा समुद्राकडून दमट वारा येत होता आणि वाळू ढिम्म. दमट वाळू बोलत नाही, कोरडी व्हावी लागते. काका म्हणाले थांबा. जेवलो, थांबलो. तीननंतर वारा फिरला आणि मी, माझा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांचे अण्णा, बुडाखाली पुठ्ठा घेऊन, ओळीने खाली घसरलो.

आधी पायांना कळलं. मग बुडाला. मग कुठून तरी, सगळीकडून, एखादं जुनं विमान हवेत अडकून पडावं तसा घुमारा. अण्णांनी डोळे मिटलेले, धोतराच्या ओच्यात वाळू. बायको वर उभी राहून फोनवर चित्रीकरण करत होती.

परतीच्या वाटेवर सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिला. आवाज म्हणजे निव्वळ वाऱ्याची फडफड आणि बायकोचं "अहो अण्णा, जपून!" घुमारा नावालाही नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, परत व्यायामच झाला."

घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले. चेचींची त्या दिवशी रात्रपाळी होती, म्हणजे खाली कुणी नव्हतं. मी फोन रिसीव्हरला जोडला. पहिल्यांदा खोक्यातून वारा असा भडभडला की मजमराच्या काळजीने बायको उठून उभी राहिली. मग वारा पडला आणि त्याच्या खालून ते वाळूचं घुमणं वर आलं. फोनच्या इवल्या स्पीकरला पेलत नव्हतं एवढंच, होतं तिथेच. वरचे काका सोफ्याच्या काठावर पुढे सरकून बसले. मुलाने तळहात छातीवर ठेवला, त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

अण्णांनी मान तिरकी केली, क्लिप संपेपर्यंत थांबले, पुन्हा लावायला सांगितली, आणि निकाल दिला.

"काळी तीन. पण बरीच उतरलीय. चाळून घ्या म्हणावं."